आत्मारामदादांच्या विहिरीतला कटेला

खडा हातात आला की मी आधी तो खालच्या ओठाला टेकवतो. स्फटिक गार लागतो आणि बराच वेळ गार राहतो. काच लगेच कोमट होते. भिंग आहे, आता छोटी यंत्रंही आली आहेत, पण पहिला निकाल अजून ओठच देतो. माझ्या बायकोला हे कधीच पटलं नाही. "कोणाकोणाच्या बोटातलं तोंडाला लावता, शी!" असं ती लग्नानंतर पहिल्याच महिन्यात म्हणाली होती, आणि परवाही म्हणाली.

बुऱ्हाणपूरच्या सराफ्यात माझा एक ओटा आहे आणि त्याला उत्तरेकडे एक खिडकी आहे. खिडकी महत्त्वाची, कारण खड्याचा खरा रंग उत्तरेच्या उजेडात दिसतो. ट्यूबलाइटखाली सगळेच खडे गोड बोलतात. मी जडिया. सोनार दागिना घडवतो, मी त्यात खडा बसवतो. खडे पारखणं, घासणं, विकणं हेही माझंच. चाळीस वर्षांच्या वर झाली, डोळे शाबूत आहेत, हातही. ज्या दिवशी हात थरथरेल त्या दिवशी मी आपणहून ओटा सोडेन, कोणी सांगायला यायची गरज नाही.

माणसं मात्र खड्यांपेक्षा विचित्र असतात. नेपानगरहून एक निवृत्त हेडक्लार्क आले होते. बोटात निळी अंगठी. पंधरा वर्षांपूर्वी नीलम घातला आणि तेव्हापासून तीन बढत्या झाल्या, दोन मुलींची लग्नं झाली, असं सगळं श्रेय त्यांनी त्या खड्याला दिलेलं. अंगठी चेपली होती म्हणून माझ्याकडे आले. मी ओठाला लावली. काच! मी म्हटलं, "साहेब, ही बाटलीची काच आहे. जरा चांगल्या बाटलीची, एवढंच." भडकले, मला काही कळत नाही म्हणाले आणि तरातरा निघून गेले. आठवड्याने परत हजर. "ती काढल्यापासून गुडघा दुखतोय हो. तीच सरळ करून द्या, आणि घरात कोणाला बोलू नका." दिली करून. काचेने गुडघा थांबत असेल तर मी कोण आडवा येणार?

सराफ्यात माझ्याबद्दल दोन गोष्टी बोलतात. तोंडाने फटकळ, पण जबान पक्की. पहिली ऐकून मला राग येत नाही आणि दुसरी ऐकून मी वर्षानुवर्षं मान ताठ ठेवून फिरलो. म्हणूनच त्या पक्क्या जबानीची मी स्वतः दोन महिने कशी माती केली, ते लिहायला बसलोय.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर तुकईथडकडच्या सुभद्रावहिनी ओट्यावर आल्या. त्यांचे मालक आत्मारामदादा, केळीवाले. दोघांना मी कितीतरी वर्षं ओळखतो. ते मला शेठ म्हणतात. शेठ म्हणण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण सराफ्यात ओट्यावर बसला तो शेठ. वहिनींनी बोटाला साबण लावून चांदीची अंगठी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. चांदी खालच्या बाजूला झिजून दोऱ्याएवढी झालेली. वर शेंगदाण्याएवढा जांभळा, घोटीव खडा.

"धुणं, भांडी, चारा, सगळं हिला घालूनच केलं," त्या म्हणाल्या. "आता तुटेल म्हणून भीती वाटते. पूजाला द्यायची ना."

पूजा म्हणजे त्यांची नात. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालेलं. आमच्या तापीकाठी लेकीबाळी दिवाळीपेक्षा आखाजीला माहेरी येतात, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंबरसावर ताव मारतात. पूजाची ती पहिली आखाजी असणार होती आणि त्या दिवशी आजी तिच्या बोटात ही अंगठी घालणार होती.

मी खडा भिंगाखाली धरला आणि खुर्चीत सावरून बसलो. जांभळ्या स्फटिकाला आम्ही धंद्यात कटेला म्हणतो. शनीसाठी ज्यांना नीलम झेपत नाही ते हा घालतात. आजकाल बाजारात दिसतो तो बाहेरदेशचा, ब्राझीलचा नाहीतर आफ्रिकेचा, जयपूरला पैलू पाडून पुड्यांतून आमच्याकडे येतो. रंग गडद, सगळीकडे सारखा. हा तसला नव्हता. फिकट होता, आत केशराच्या काड्यांसारख्या तांबूस बारीक सुया होत्या, आणि त्याचा उगम मला वहिनींनी सांगायच्या आधीच कळला. आपल्याकडचा काळा पाषाण फोडताना कधीमधी आतून पोकळ गोटा निघतो. बहुतेक वेळा आत पांढरे स्फटिक असतात. हजारात एखादा जांभळा, आणि त्यातला घासण्याजोगा तर नशिबानेच.

"आमच्या विहिरीतला आहे," वहिनी म्हणाल्या. "लग्न झालं त्या वर्षी विहीर खणत होते. सुरुंग लावल्यावर गोटा निघाला. लग्नात यांच्याकडून मला काही घालणं झालं नव्हतं, तर ही करून दिली. कोणाला सांगू नका, पण तेव्हा मी रडले होते."

"चार दिवसांत देतो," मी म्हटलं. मोबाइलवर खड्याचा एक फोटोही काढून ठेवला. इतका सुंदर देशी कटेला रोज कुठे बघायला मिळतो!

आता चूक कशी झाली ते नीट सांगतो, कारण ती आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. अंगठीची पट्टी जोडायची तर चांदी तापवून डाख द्यावा लागतो. आणि कटेल्याला ताप म्हणजे वैरी. त्याचा जांभळा रंग आत असलेल्या कणभर लोखंडामुळे असतो, आणि जास्त तापला की तो रंग निघून जातो, पुन्हा येत नाही. म्हणून खडा आधी काढायचा, मग डाख द्यायचा, हा नियम. पण जुनं कोंदण उघडताना त्याची कड फाटते. अशा वेळी आम्ही एक युक्ती करतो. अर्धा कच्चा बटाटा घ्यायचा, अंगठी त्यात खड्यापर्यंत खुपसायची आणि वर राहिलेल्या पट्टीवर ज्योत धरायची. बटाट्यातलं पाणी खड्याला गार ठेवतं. सोन्याच्या अंगठ्या मी अशा शेकड्यांनी केल्या आहेत.

ही चांदीची होती. चांदी उष्णता जागेवर ठेवत नाही, क्षणात टोकापर्यंत पळवते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी हे चार जणांना शिकवलंय! पण दिवाळीची गर्दी, आणि आपल्या हाताचा माज. समोर एक बाई पाटल्यांचा घाट दाखवत होत्या, त्यांना मी उत्तर देत होतो, ज्योत जागेवरच होती. बटाट्यातून वाफ निघाली, फुस्स आवाज झाला. अंगठी उपसून काढली तर खडा पिवळट पांढरा, पाण्यात थेंबभर चहा पडावा तसा.

मी ज्योत विझवली. पाटल्यांच्या बाई म्हणाल्या, "अय्या, पुखराज का?" मी त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही.

चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला. मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. "पॉलिश बाकी आहे, वहिनी." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. माझ्या मनात साधा हिशेब होता, तसाच कटेला शोधायचा, बसवायचा आणि विषय संपवायचा. शोधण्यात मला कोण हरवणार?

जयपूरच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवला. त्याने उलट फोन केला. "अरे भाईसाहब, दुनिया गहरा माँगती है और आप फीका ढूँढ रहे हो? तबियत तो ठीक है?" त्याच्याकडे असला माल असायचं कारणच नव्हतं. मग पॅसेंजरने चांदनीला उतरून एका खडी मशीनवर गेलो. काळ्या दगडाच्या ढिगात वाकून वाकून पोकळ गोटे फोडत होतो. तिथला मुकादम बराच वेळ बघत होता, शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, सोना निकला है क्या? मला पण सांगा ना." निघाले ते सगळे पांढरे. दोन विहीर खोदणाऱ्या ठेकेदारांना निरोप दिले. जुन्या विहिरींच्या कडेला पडलेले दगडांचे ढीग उपसले. कंबर धरली, बायको शेक देताना विचारायची, "असं काय हरवलंय तुमचं?" तिलाही सांगितलं नाही.

शेवटी अजिंठ्याच्या वाटेवर स्फटिक विकणाऱ्या एका माणसाकडे मिळाला. जळगावकडच्या एका विहिरीतला, फिकट, आत तांबूस सुया. मी अक्षरशः नाचायचा बाकी होतो. स्वतः साणेवर घासला, घोटला, फोटोशी ताडून पाहिला. सुयांची मांडणी सोडली तर सख्खा भाऊच. आणि यावेळी नियमाने, आधी पट्टी पक्की केली, मग खडा बसवला. संक्रांत होऊन गेली होती.

अंगठी द्यायला मी स्वतः तुकईथडला गेलो. चाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकाच्या घरी दागिना पोचवायला गेलो नव्हतो, त्यावरूनच वहिनींना संशय यायला हवा होता. पण त्या खुश झाल्या, अंगठी घातली, हात लांब धरून बघितला. "बघा, उगाच मी रोज फोन करत होते. चांगल्या कामाला वेळ लागतोच."

आत्मारामदादा ओसरीत बसले होते. कमी बोलणारा माणूस. "आन इकडं," म्हणाले. मला वाटलं उजेडात धरून बघतील. त्यांनी शेजारचा पाण्याचा पेला ओढला, अंगठी त्यात सोडली आणि वरून वाकून बघत राहिले.

मी जागेवरून अर्धा उठलो. कारण खड्यातला रंग कसा पसरलाय हे बघायचं तर तो पाण्यात बुडवून बघतात, ही आमच्या धंद्यातली परीक्षा आहे. वरची चकाकी मरते आणि आतला रंग उघडा पडतो. ती मी दोन महिन्यांत एकदाही केली नव्हती. मूळ खड्याचा पाण्यातला फोटोच माझ्याकडे नव्हता.

"हा आपला नाही," दादा म्हणाले.

"काहीतरीच काय!" वहिनी म्हणाल्या.

"आपल्याचा रंग पान्यात गेला का एका कोपऱ्यात जाऊन बसे. ह्याच्यात पट्टे दिसून राह्यले." मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, "कुठं हाय तो, शेठ?"

खिशात होता. मी काढला आणि ओसरीवर ठेवला. पिवळट, मेलेला. बटाटा, चांदी, पाटल्यांच्या बाई, सगळं सांगितलं.

वहिनींनी तो खडा तळहातावर घेतला. "हात सगळ्यांचाच चुकतो," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून काय कमी फुटलं? पण दोन महिने तुम्ही मला पॉलिश सांगत होता, शेठ. आणि आज दुसऱ्याच्या विहिरीतला दगड माझ्या बोटात घालून, मी खुश झालेली बघत बसला होता." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. कोणी मला फसवणारा म्हणेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं, आणि त्या तर तो शब्द न वापरताच म्हणाल्या होत्या.

दादा उठले. "चला," म्हणाले. मला वाटलं, हाकलतायत. ते मला विहिरीवर घेऊन गेले, वहिनी मागोमाग. दादांनी आत बोट दाखवलं, पाण्याकडे. "तिथं हाय बाकीचा. विहीर बांधली तव्हा अर्धा गोटा मी बांधकामात बसवून टाकला. पान्याखाली. सात हात."

"मला नाही कधी सांगितलं!" वहिनी म्हणाल्या.

"इचारलं कुठं तू?" दादा म्हणाले. "विहिरीनं देल्लं, अर्धं तिला ठेवलं."

मी लगेच म्हटलं, मोटर लावून पाणी उपसू, एका दिवसाचं काम. दादांनी मान हलवली. "केळीला मोजून पानी देऊन राह्यलो, शेठ. ते काय वाहून देऊ? उतरंल तव्हा दिसंल. आखाजीपर्यंत उतरतंच."

मग सुरू झालं माझं वाट बघणं. दर सोमवारी फोन. "दादा, किती?" "पाच हात." "आता?" "साडेचार." मी खिडकीशेजारच्या कॅलेंडरवर आकडे लिहायचो. होळी झाली, ऊन तापलं, तसा मी खुलत गेलो. तीन हात! मी बायकोला (तिला आता सगळं माहीत होतं) बातमी सांगायचो. ती एकदा म्हणाली, "त्यांचं पाणी जातंय आणि तुम्हाला गोड काय वाटतंय?" मी म्हटलं, तुला धंद्यातलं कळत नाही.

आखाजीला आठ दिवस असताना फोन आला. वहिनीच होत्या. "या. दिसायला लागला."

मी छिन्नी, हातोडी, भिंग पिशवीत टाकून निघालो. कमरेला दोर बांधला, लोखंडी कड्यांना धरून उतरलो. माझ्या वयाला हे शोभत नाही, पण दुसऱ्याच्या हाताने तो दगड काढायचा नव्हता. पाण्यापासून वीतभर वर, काळ्या चिऱ्यांच्या मधे, शेवाळ पुसलं आणि जांभळं दिसलं. ओलं, जिवंत. अर्ध्या नारळाएवढा गोटा, आत स्फटिकांची दाटी, आणि प्रत्येकाच्या टोकाला रंग गोळा झालेला. मी आनंदाने ओरडलो, "दिसला! वहिनी, दिसला!"

आवाज विहिरीत घुमला. मान वर केली तर काठावर दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा उभे. तिघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"हो शेठ," वहिनी म्हणाल्या. "तो दिसला म्हणजे खालच्या तुकड्यातली केळी गेली आमची. परवापासून तिकडचं पाणी बंद केलंय. वरची तरी वाचावी."

मी तसाच दोराला लटकून राहिलो. तीन महिने मी ह्या लोकांना दर आठवड्याला फोन करून विचारत होतो की तुमचं पाणी किती आटलं, आणि आटलं की "वा वा" म्हणत होतो. ती माणसं एकदाही चिडली नाहीत. हात मोजून सांगत राहिली. येताना वाटेत मी पिवळी पडलेली पानं पाहिली होती, पण माझं लक्ष पिशवीतल्या छिन्नीकडे होतं.

मी एकच स्फटिक काढला. बोटाच्या पेराएवढा. सगळा गोटा मोकळा करता आला असता, वर दादा नको म्हणालेही नसते, पण मलाच पुढे हात घालवेना. वर आल्यावर म्हटलं, "माफ करा वहिनी. खड्याबद्दल नाही. फोनबद्दल."

"कळलं ना," त्या म्हणाल्या. "बसा, चहा घ्या."

आखाजीच्या आदल्या दिवशी अंगठी तयार झाली. दादांनी पेल्यात टाकली, बघितली आणि पेला वहिनींकडे सरकवला. रंग एका कोपऱ्यात जाऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी मला जेवायला बोलावलं होतं. झोक्याजवळ पंचवीसेक बाया जमलेल्या, त्यांच्यासमोर वहिनींनी पूजाच्या बोटात अंगठी घातली. पूजा म्हणाली, "आजी, ये तो वेगळाच दिसतोय. पहिले ऐसा नव्हता ना?"

"नव्हता," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्याकडे हात करून मोठ्याने सांगितलं, "पहिला ह्या शेठनी जाळला. दुसरा ह्यांनीच विहिरीत उतरून आणला." बाया खो-खो हसल्या. मीही हसलो, कान लाल झाले तरी. चार गावच्या बायकांसमोर माझी चूक आणि माझं काम एकाच दमात सांगितलं गेलं, आणि खरं सांगतो, छातीवरचा दगड उतरला. तेव्हापासून चांदीची अंगठी आली की मी गिऱ्हाइकाला आधीच बजावतो, कड फाटली तर फाटेल, खडा काढूनच काम करणार. आणि काही बिघडलं तर त्याच दिवशी फोन करतो. तरुण जडिये म्हणतात, काका, गिऱ्हाईक जाईल. जाऊ दे.

बाकीचा गोटा तिथेच आहे, विहिरीच्या पोटात. दादा आता थकलेत, त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन वहिनी घेतात. मी अजून फोन करतो, पण दर सोमवारी नाही, वर्षातून एकदा, आखाजीच्या आठ दिवस आधी.

यंदाही केला.

"वहिनी, दिसतो का?"

"नाही हो शेठ. वर दोन हात पाणी आहे अजून."

"नीट बघितलं ना? वाकून?"

"बघितलं बाई, आत्ताच जाऊन आले. अजिबात दिसत नाही."

"वा वा!" मी म्हटलं. "वा वा, वहिनी!"